डोअरकीपरने सांगितलेला सिनेमा

तो सिनेमागृहात डोअरकीपर होता. तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची आणि खेळ संपत आला की आत येऊन दाराशी उभं राहायचं. पडद्यावर नावं सरकू लागली की दारं सताड उघडायची. त्यामुळे इतकी वर्षं नोकरी करूनही त्याने एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. शेवट मात्र सगळे पाहिले होते.

घरी आला की हातपाय धुऊन तो बायकोच्या खाटेशी बसायचा आणि आख्यान लावायचा. नायिका बोलायला लागली की आवाज बारीक, खलनायक आला की भुवया कपाळात. मधलं न पाहिलेलं पदरचं घालायचा. पोटाच्या दुखण्याने बायकोला अंथरुणाला खिळवलं होतं, दवाखान्याखेरीज ती कुठे जात नव्हती. तिचा सिनेमा म्हणजे नवरा. देवाने त्याला जीभच अशी दिली होती की ऐकणाऱ्याला पडद्याची उणीव भासू नये.

सिनेमाच्या बक्षिसांचा समारंभ रविवारी दुपारी टीव्हीवर लागणार होता. दरवर्षी दोघं आधीच अंदाज सांगत. ज्याचा खरा ठरेल त्याने मागायचं, दुसऱ्याने सबब न सांगता द्यायचं. यंदा तिची धाकटी बहीणही आली होती. आल्या आल्या तिने टीव्ही खाटेसमोर ओढला.

"नायक तो उंच, दाढीवालाच," धाकटी म्हणाली.

"तू पाहिलास त्याचा सिनेमा?" त्याने विचारलं.

"पोस्टर पाहिलंय की, भाऊजी. तेवढं पुरतं."

"हिला परीक्षक करायला हवं होतं. समारंभ पाच मिनिटांत आटोपला असता."

बायको हसली. हसताना पोट धरावं लागलं, म्हणून लगेच थांबली. "नायिकेचं मी सांगते. आजारी बाईचं काम केलंय ना, तिलाच मिळणार. मरणाच्या दारातून परत येऊन अंगणात चालून दाखवायचं, म्हणजे काय खायचं काम आहे?"

तो चहाच्या कपात बघत म्हणाला, "नाही मिळणार तिला. त्या दुसऱ्या सिनेमात वकिलीण झालीय ना, तिचं काम भारी आहे."

"तुम्हीच तर डोळे पुसत सांगितलं होतंत, ती दार उघडून बाहेर येते ते."

"सांगितलं होतं. पण बक्षिसाचं काही सांगता येत नाही."

दाढीवाल्याला काही मिळालं नाही. धाकटीने परीक्षकांचा उद्धार केला. मग नायिकांची पाळी आली. प्रत्येकीच्या सिनेमाचा एकेक तुकडा दाखवू लागले. तो उठला. "जरा आवाज कमी करू का? तुझं डोकं दुखेल."

"राहू दे हो. बसा तुम्ही."

पडद्यावर खाट आली, खिडकी आली. उशीवरचं तोंड एका बाजूला कललं. कोणीतरी पांढरी चादर हळूच चेहऱ्यावर ओढली. खोलीचं दार बंदच राहिलं.

मग पाकीट फोडलं गेलं आणि त्याच बाईचं नाव पुकारलं गेलं.

"ताई, जिंकलीस!" धाकटीने टाळ्या वाजवल्या. पण ताई हसेना आणि भाऊजी खाली मान घालून बसलेले. टाळ्या मधेच विरल्या. "चहा टाकते पुन्हा," असं पुटपुटत ती आत गेली.

बायकोने टीव्ही बंद करायला सांगितला. त्याने केला.

"मी जिंकले. आता मागते."

"माग."

"परवा दवाखान्यात मला बाहेरच्या बाकावर बसवून तुम्ही डॉक्टरांशी आत बोललात. येऊन म्हणालात, थंडी सरली की तू हिंडायला लागशील."

"हो."

"ते जसं होतं तसं सांगा."

तो उगाच तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिला.

"मधलं तुम्ही बघत नाही, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण शेवट तर तुम्हीच पाहता."

"अगं, डॉक्टर म्हणजे काही देव नव्हेत."

"देवाचं मी देवाशी बघते. डॉक्टरांचं तुम्ही सांगा. पदरचं काही घालू नका."

त्याने स्टूल खाटेच्या अगदी जवळ ओढलं. तिचा हात हातात घेतला. आत स्टोव्हवर पाणी उकळत होतं आणि धाकटी ते नुसती बघत उभी होती.

आवाज न बदलता, भुवया न हलवता त्याने सांगायला सुरुवात केली. फार थोडंच होतं सांगण्यासारखं. ते सांगून झाल्यावरही तिने हात सोडवून घेतला नाही.

"असं," ती म्हणाली. "मग आता त्या वकिलिणीचा सिनेमा सांगा."