शेजारच्या सीटवरचा अभ्यास

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जिनं उमेदीची वर्षं काढली, तिला तिच्याकडे शिकून गेलेल्या बायका ‘ब्रेकबाई’ म्हणत. तिचा त्यावर राग नव्हता. शिकणारीनं चौकाच्या मधोमध गाडी बंद पाडली, मागे हॉर्नची रांग लागली, तरी ही आवाज न चढवता म्हणायची, “वाजवू दे त्यांना. तुम्ही किल्ली फिरवा.”

एका सकाळी सिग्नलला उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीला ट्रकनं मागून धडक दिली. स्टिअरिंगवर होती ती रक्त तपासणाऱ्या लॅबमधली एक तरुण तंत्रज्ञ. तिला खरचटलंसुद्धा नाही. ब्रेकबाईचं खांद्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळलं, हात पूर्वीसारखा डोक्यावर जायला लागला. डॉक्टरांनी कामाला लागा म्हणून सांगितलं आणि ती लागलीही. पण शेजारच्या सीटवर बसून दार लावलं की छातीत धडधडायला लागायचं, तळहात ओले व्हायचे आणि पाय आपोआप ब्रेकवर जाऊन गच्च बसायचा. गाडी अजून सुरूही झालेली नसायची. शिकणारी बिचारी गोंधळून विचारायची, “बाई, माझं काही चुकलं का?”

ड्रायव्हिंग स्कूल तिच्या दिराचं होतं. त्यानं हे पाहिलं आणि म्हणाला, “वहिनी, काही दिवस ऑफिस सांभाळा.” ती काउंटरमागे बसून फोन घ्यायला लागली.

तिला कोडं पडलं होतं ते वेगळंच. स्वतः गाडी चालवताना काही होत नव्हतं. बसमध्ये नाही, रिक्षात नाही. फक्त ती एक सीट.

“मनाचे खेळ आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “सोडून दे.”

“मनाचे खेळ असले तर त्या खेळांचे नियम कुणीतरी शोधून ठेवले असतील ना?” ती म्हणाली.

शोध घेता घेता तिला एका मुक्त विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सापडला: मानसशास्त्राची मूलतत्त्वे. शिक्षणाची फारशी अट नव्हती. शाळा सुटून जमाना झाला होता, तरी तिनं नाव घातलं.

पहिल्या धड्यापासूनच तिची पंचाईत झाली. तिला वाटलं होतं भीती, राग, स्वप्नं असं काहीतरी असेल. निघाल्या चेतापेशी. त्यांना शाखा असतात, त्यांच्यातून विजेसारखा संदेश जातो, दोन पेशींमध्ये फट असते आणि त्या फटीतून रसायनं पलीकडे जातात. ती इअरफोन लावून ऐकायची, मध्येच फोन वाजायचा, “लायसन्सला फोटो किती लागतात?”, उत्तर देऊन परत येईपर्यंत संदेश फटीत पडलेला असायचा. ती व्हिडिओ मागे घ्यायची. पुन्हा ऐकायची. एकेक व्हिडिओ तिला इतका पाठ झाला की शिकवणाऱ्या बाई कुठे खोकतात तेही ठाऊक झालं.

दुसरा भाग संशोधन पद्धतींचा आणि सांख्यिकीचा होता. त्याच्या चाचणीत ती नापास झाली. काठावर वगैरे नाही, चांगली सणसणीत नापास.

नवरा भाजी चिरत होता. तो म्हणाला, “राहू दे की. कोण विचारणार आहे तुला?”

“मी विचारीन,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

अर्थात नुसत्या जिद्दीनं माणूस शहाणं होत नाही. थोडं शिकल्यावर जे सगळ्यांचं होतं ते तिचंही झालं. घरात जो समोर येईल त्याचं ती निदान करायला लागली. नवरा गप्प बसला की तो भावना दाबतोय. सासूबाईंनी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की त्यांची अल्पकालीन स्मृती क्षीण होत चाललीय. सासूबाईंनी ते ऐकलं आणि ताट बाजूला सारून म्हणाल्या, “सूनबाई, दुसऱ्यांदा सांगते ते विसरते म्हणून नाही. पहिल्यांदा तू ऐकत नाहीस म्हणून.”

नवरा हसू आवरायला उठून बाहेर गेला. ती मात्र ओशाळली.

आठवड्याच्या ऑनलाइन तासाला तिनं हा किस्सा बाईंना सांगितला. पडद्यावरच्या चौकटींमधली कॉलेजातली मुलं खुदखुदली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्ही पाहिलं काय? सासूबाई तेच पुन्हा बोलल्या, एवढंच. बाकीचं तुमचं तुम्ही रचलंत. पाहिलेलं आणि रचलेलं वेगळं ठेवता आलं, तर या अभ्यासक्रमातलं निम्मं आलं असं समजा.”

हे तिच्या मनाला लागलं आणि पटलंही. कारण रस्त्यावर ती वर्षानुवर्षं हेच शिकवत आली होती. समोरची रिक्षा वळणार आहे असं समजू नका, तिचं चाक बघा.

मग तो धडा आला, ज्याच्यासाठी ती नकळत थांबली होती. घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचा जुना प्रयोग तिला ऐकून माहीत होता. पण बाईंनी पुढे सांगितलं ते नवं होतं. एखाद्या निरुपद्रवी गोष्टीशी धक्क्याची जोड बसली की पुढे ती गोष्टच धक्क्यासारखी वाटू लागते. आणि आपण ती टाळली की क्षणभर हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यानंच टाळण्याची सवय पक्की होते, भीतीला खोटं ठरण्याची संधीच मिळत नाही.

तिनं व्हिडिओ थांबवला. काउंटर, फोन, फिरती खुर्ची, ऑफिसातला पंखा. रोज सकाळी इथे येऊन बसताना तिला किती हायसं वाटायचं ते तिला आठवलं.

तास संपल्यावर बाकीचे गेले तरी ती थांबली. सगळी हकीकत सांगून म्हणाली, “बाई, हा धडा माझ्यावर लिहिल्यासारखा आहे. मी त्या सीटवर जाऊन बसू का?”

बाई म्हणाल्या, “हा पाया आहे. मन कसं अभ्यासतात ते यात कळतं. उपचार करायला यानं कुणी शिकत नाही, स्वतःवरसुद्धा नाही. तुमच्या भागात समुपदेशक असतील. आधी त्यांच्याकडे जा. धडा घेऊन जा हवं तर.”

तिला आधी कमीपणा वाटला. एवढं शिकायचं आणि शेवटी दुसऱ्याच्या दारात. पण हाड मोडल्यावर ती काही स्वतः पट्टी बांधत बसली नव्हती. ती गेली.

दवाखान्यातली समुपदेशक वयानं तिच्या भाचीएवढी होती. तिनं नीट ऐकून घेतलं, बरेच प्रश्न विचारले आणि मग दोघींनी मिळून पायऱ्या ठरवल्या. उभ्या गाडीत दार उघडं ठेवून बसायचं. मग दार लावून. मग इंजिन सुरू करून. मग गाडी हलवून, आणि रस्ता सगळ्यात शेवटी.

“भीती वाढली की उठायचं नाही. ती उतरेपर्यंत बसून राहायचं,” ती म्हणाली. “आणि एका पायरीचा कंटाळा आला की मगच पुढची.”

“कंटाळा?”

“हो. कंटाळा आला म्हणजे समजा काम झालं.”

कंटाळ्याची सोय ब्रेकबाईकडे होतीच. सांख्यिकी. दुपारी ऑफिसात सामसूम झाली की ती मागच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन शेजारच्या सीटवर बसायची आणि मध्यमान, मध्यक, बहुलक घोकायची. पहिल्या दिवशी मध्यमानापर्यंतही पोचली नाही. पाय ब्रेकवर, घसा कोरडा, अक्षरं डोळ्यांपुढे नाचताहेत. पण उठली नाही. सीटचा काठ धरून बसली. हळूहळू श्वास जागेवर आला आणि समोरच्या भिंतीवरचं पोपडे धरलेलं रंगकाम तिला दिसायला लागलं.

समुपदेशकाला तिनं हे कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, “छान. पण पुस्तकात डोकं खुपसून भीतीपासून लपू नका. मधून मधून पायाकडे बघत जा.” मग ती पायाकडेही बघायला लागली. पाय ब्रेकवर असायचा. ती त्याला तिथून उचलून खाली ठेवायची, जसं रांगतं मूल पुन्हा पुन्हा जागेवर आणून बसवावं तसं, न रागावता. पुढे पुढे तो आपला आपण खाली राहू लागला. एका दुपारी दार लावलेल्या गाडीत तिला चक्क डुलकी लागली, आणि जाग आल्यावर आधी लाज वाटली, मग आनंद झाला.

पुढच्या पायरीला गाडी हलवणारं कुणीतरी हवं होतं. तिथे ती अडली. दिराला विचारायला जीभ रेटेना. त्याचा आपल्यावरचा भरवसा उडाला, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. बघा ना, आपल्याला काउंटरला बसवलं आणि एकदाही विचारलं नाही, परत येता का म्हणून.

त्याच सुमारास अभ्यासक्रमात एक स्वाध्याय आला. आपली एखादी ठाम समजूत घ्या. तिला पाठिंबा देणारा पुरावा नको, तो आपल्याला आपोआप दिसतो. ती खोटी पाडेल असा पुरावा शोधा. ब्रेकबाईनं दिराबद्दलची समजूत घेतली. शोधायला गेल्यावर पहिलीच गोष्ट हाती लागली ती डोळ्यांसमोरच होती. तिच्या जागी त्यानं कुणालाही घेतलं नव्हतं. बाईकडेच शिकायचंय म्हणणाऱ्या बायकांना तो ‘थोडं थांबा’ सांगून परत पाठवत होता. हे फोन तर तीच घेऊन त्याच्या हातात देत होती.

तो आवारात टायरमधली हवा तपासत होता. ती जाऊन उभी राहिली.

“भावजी, माझ्या जागी माणूस का नाही घेतलात?”

त्यानं वर पाहिलं नाही. “घेणार होतो.”

“मग?”

“एकदा माणूस घेतला की तुम्ही परत बसते म्हणून म्हणणारच नाही असं वाटलं.”

“मला वाटलं, तुम्हाला आता माझा भरवसा नाही.”

आता त्यानं वर पाहिलं. “वहिनी, माझी बायको तुमच्याकडे गाडी शिकली. माझ्याकडे शिकत होती तेव्हा आमचा संसार मोडायची वेळ आली होती.”

तिला हसू आलं, पण तिनं सोडलं नाही. “मग एकदाही विचारलं का नाही?”

त्यानं टायरचं झाकण बसवलं, हात फडक्याला पुसले. “विचारलं असतं, तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाला असता, आणि पुन्हा तसंच झालं असतं तर? मला ते बघवलं नसतं.”

“आता बघावं लागेल,” ती म्हणाली. “चावी आणा.”

त्यानं तिला आवारात फिरवलं. मग इमारतीला वळसा घालून. तिचे तळहात ओले झाले, पाय एकदोनदा ब्रेकवर गेला आणि गाडी गचके खाऊन थांबली. दिरानं पुन्हा किल्ली फिरवली. कंटाळा यायला बरेच दिवस लागले, पण आला. मग ते मोठ्या रस्त्याला लागले.

सांख्यिकीच्या फेरपरीक्षेला ती पास झाली. गुण बेताचेच, पण कुणाच्या मदतीविना मिळवलेले. निकाल पाहून तिनं पहिला फोन केला तो लॅबमधल्या तंत्रज्ञ मुलीला. अपघातानंतर त्या मुलीनं शिकणं सोडलं होतं आणि एकदाही फोन केला नव्हता.

“मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावला असाल,” ती मुलगी म्हणाली. “मी ब्रेक नीट दाबला नसेल.”

“गाडी उभी होती हो. उभ्या गाडीला तुम्ही आणखी काय थांबवणार होतात?”

“मला नाही जमणार आता,” ती मुलगी म्हणाली.

“जमेलच असं मीही म्हणत नाही. आधी आवारात नुसत्या बसू. आणि एक सांगून ठेवते, मधून मधून माझा पाय आपोआप ब्रेकवर जाईल. मी घाबरते अजून. तुमचं काही चुकलं असं समजू नका.”

ती मुलगी आली ती बहुधा या शेवटच्या वाक्यामुळे. पुढे तिनंच तसं सांगितलं. शिकवणारी घाबरते हे ऐकून तिला धीर आला.

दोघी आवारात बसल्या, मग फिरल्या, मग एका सकाळी रस्त्यावर आल्या. सिग्नल लाल झाला. गाडी उभी राहिली आणि आरशात एक मालवाहू ट्रक मोठा मोठा होत आला. मुलीची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. ब्रेकबाईच्या छातीत जुनी धडधड सुरू झाली. तिनं ती थांबवायचा प्रयत्न केला नाही. ट्रक मागे येऊन, फुस्स आवाज करून थांबला.

“थांबला,” मुलगी म्हणाली.

“हं. आपण एवढंच पाहिलं. आता पुढे बघा.”

दिवा हिरवा झाला. गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजले, मुलीनं किल्ली फिरवली आणि त्या निघाल्या.

ब्रेकबाई आता रोज शिकवते. काउंटरला दिरानं दुसरं माणूस ठेवलंय. कधीतरी, अगदी निवांत रस्त्यावर, कारण नसताना तिचा पाय ब्रेककडे जातो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती दचकली नाही. विझलेली भीती अधूनमधून परत डोकावते, हे तिनं घंटेच्या त्या धड्यात ऐकलं होतं. चाचणीत त्यावर प्रश्न होता आणि तिचं उत्तर बरोबर आलं होतं. तिनं पाय उचलून खाली ठेवला आणि शिकणारीला पुढच्या वळणाचा इंडिकेटर द्यायला सांगितलं.