अर्धंच गाऱ्हाणं

सुविधाने एकही शब्द खोटा घातला नव्हता, आणि हेच ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून तिने डिचोलीत भाड्याच्या खोलीत पॉडकास्ट सुरू केला, तो खरं बोलायचं म्हणूनच. लोक ऐकतही होते. पण ऐकणाऱ्यांची चटक लागली की खऱ्यालाही कात्री लागते.

मुळगावात खनिजाच्या ट्रकांवरून तंटा पेटला होता. शेतात खाणीची लाल माती उतरली म्हणून गावाने रस्ता अडवला आणि सिंधुदुर्गातले ड्रायव्हर कामाविना बसून होते. दोन्हीकडचे ऐकतील असा गावात एकच माणूस होता, सगुणभाऊ. दोडामार्गचा निलेश हा ड्रायव्हर त्याच्याच घरी राहायचा आणि त्याच्या बायकोच्या, कमलाक्षीच्या हातचं जेवायचा.

बोलणी करायला बसण्याआधी सगुणभाऊने रिवाजाप्रमाणे देवळात गाऱ्हाणं घातलं, गावाच्या वतीने देवाला साकडं. सुविधाने माईक पुढे धरला.

"बा देवा म्हाराजा, आमच्या वाटेत जो कोण आडवो येयत, तेका उभ्याचो आडवो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव एका तोंडाने म्हणालं.

"आनी त्या ट्रकवाल्यांची पोराबाळा आमचीच समज. आमच्या हातसून तेंचा वायट होव देव नको."

"व्हय म्हाराजा."

सुविधा पेडण्यातल्या केरीची. लग्न असो, पेरणी असो, गाऱ्हाण्यात 'आडवो कर' येतंच, ते विघ्नाला उद्देशून असतं, हे तिला शिकवायची गरज नव्हती. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तिनेही 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. तरी भागाच्या जाहिरातीसाठी तिने पहिल्या 'व्हय म्हाराजा'वरच कात्री लावली. पुढचं गोडगोड ऐकायला कोण थांबणार, असा तिचा हिशेब. वर मथळा दिला, 'मुळगाव देवाकडे काय मागतंय?'

तो तुकडा मोबाइलवरून ट्रकांच्या तळावर पोचला. ड्रायव्हरांच्या गावीही गाऱ्हाणं असतंच, म्हणून तर ते जास्त झोंबलं. गावाने शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी दुप्पट दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण यांनी आपल्याला आडवं कर असं थेट देवाकडेच मागितलं, असं त्यांना वाटलं. निलेश एकटाच म्हणत राहिला की गाऱ्हाणं तिथे संपूच शकत नाही, पुढे काहीतरी असणार. गावाचं मीठ खातोस म्हणून तसं बोलतोस, असं म्हणत त्याच्याच माणसांनी त्याला ढकललं. तो ट्रकच्या फाळक्यावर पडला आणि हात मोडला. बोलणी फिसकटली.

सुविधाने घाईघाईने सगळं गाऱ्हाणं टाकलं, माफीही मागितली. तुकडा ऐकलेल्यांपैकी फारच थोडे तिकडे फिरकले. तिला जेवण जाईना. शेवटी ती सगुणभाऊच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पुन्हा तेच बोलून बसली, की शब्द मी बदलला नाही हो.

सगुणभाऊ रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "शब्द नाय बदललंस. पण गाऱ्हाण्यातसून मदीच कोण उठान जाता काय गे?"

तिची मान खाली गेली. आपण काय केलं ते तिला त्या एका वाक्यात कळलं, आणि आता पांघरायला काही उरलं नाही.

पुढच्या सोमवारी बोलणी नव्याने ठरली. देवळात गाव जमलं, पायरीखाली थोडे ड्रायव्हरही आले. सुविधा माईक न घेता खांबाआड उभी राहिली. सगुणभाऊने गाऱ्हाणं घातलं, गावाचं भलं मागितलं, ट्रकवाल्यांचं मागितलं. मग खांबाआडच्या पोरीकडे बघून म्हणाला, "आनी ह्या आमच्या चेडवाच्या हातसून जा काय चुकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा."

'व्हय म्हाराजा' कोणीच म्हटलं नाही. गाऱ्हाण्याला होकार न मिळाल्याचं सुविधाने जन्मात पाहिलं नव्हतं. सगुणभाऊने तेच पुन्हा म्हटलं. बाया पदराशी चाळा करत राहिल्या, पुरुष खाली बघत राहिले.

"व्हय म्हाराजा."

आवाज पायरीखालून आला. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून निलेश उभा होता.

इतर कोणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं सुविधाला वाटलं. याने नको होतं म्हणायला.