"सांगा, बाई!"

उपमुख्याध्यापिका कॉर्लिस टॉलिव्हर यांच्या टेबलावर शिक्षकांकडून रोज एक तरी तक्रारीची गुलाबी चिठ्ठी येई, आणि ती बहुधा एखाद्या काळ्या मुलीविरुद्धच असे. कारणाचा शब्दही ठरलेला: उद्धटपणा. तीन चिठ्ठ्या झाल्या की तीन दिवस घरी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन गावच्या त्या शाळेचा नियमच तसा होता. कॉर्लिस स्वतः काळ्या. पण सही करताना त्यांचा हात आताशा अडखळत नसे.

आज झनायाची तिसरी चिठ्ठी होती. सही झाली, की वरच्या गणितवर्गात जाण्यासाठीची तिची उद्याची परीक्षा बुडणार होती.

"केलं काय हिनं?" झनायाला घेऊन समोर बसलेल्या तिच्या आजीनं, मिस अर्नेलनं, विचारलं.

"शिकवताना मध्येच ओरडली. 'सांगा, बाई, सांगा!' तिन्ही वेळा हेच. गणिताच्या लिंडक्विस्टबाईंना वाटलं, टिंगल करतेय," कॉर्लिस म्हणाल्या.

"टिंगल कसली?" झनाया पुटपुटली. "ऋण गुणिले ऋण धन का, ते पहिल्यांदाच कळलं. तोंडातून निघूनच गेलं!"

"हिच्या तोंडाचा पट्टा घरीही चालू असतो, ते सोड," आजी म्हणाली. "पण कॉर्लिस, तुझी आई चर्चमध्ये दुसऱ्या बाकावरून पाद्रीबुवांना काय म्हणायची गं? मार्चमध्ये तिला पुरलं, तेव्हापासून तो बाक मुका झालाय. उद्धट होती का ती?"

'सांगा, पाद्रीबुवा!' आईची ती हाक आठवली आणि कॉर्लिसनी पेन खाली ठेवलं. लिंडक्विस्टबाईंना बोलावून घेतलं. त्या गोऱ्या, दूर उत्तरेकडच्या मिनेसोटाहून नुकत्याच आलेल्या.

"आमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रवचन गपगार ऐकलं, तर ते पडलं असं समजतात," कॉर्लिस म्हणाल्या.

"म्हणजे ही मला दाद देत होती? आणि मी तीनदा लिहिलं!"

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी न विचारता दोनदा सही केली मीच!"

चिठ्ठी फाटली. झनायानं परीक्षा दिली. त्या वर्षीच्या सगळ्या गुलाबी चिठ्ठ्या कॉर्लिसनी बाहेर काढल्या आणि एकेका मुलीला बोलावून जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं: "तू नेमकं काय म्हणाली होतीस?"

वर्गात मात्र झनाया पंधरा दिवस गप्पच होती. सोळाव्या दिवशी लिंडक्विस्टबाई फळ्यापाशी थांबल्या. "आज माझं शिकवणं पडलं वाटतं!"

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "नाही पडलं. सांगा, बाई."

मुलीचा आवाज बंद करायला एक सही पुरते. तो परत यायला पंधरा दिवस लागतात, आणि कधीकधी तो येतही नाही. म्हणून शिक्षा लिहिण्याआधी आपण तिला विचारायला हवं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायलाही हवं.