कार्गो कुणाचा?

बंदरावरच्या कस्टम्सच्या कचेरीला स्पॅनिश जाणणारं माणूस तातडीने हवं होतं. गावात तशी ती एकटीच. म्हणून साहेबाने नाइलाजाने तिला बोलावलं. ती त्याच्या थोरल्या भावाला सोडून गेलेली बायको. तेव्हापासून तिचं नि साहेबाचं बोलणं नव्हतं.

"बसा, मॅडम." रिकाम्या खुर्चीवर त्याची टोपी होती. ती त्याने उचलली नाही.

"उभीच बरी, भाऊजी."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबाचे कान तापले.

बाकावर एक खलाशी बसला होता. त्याच्या जहाजावर चोरट्या सिगारेटची खोकी सापडली होती.

"कबूल केलंय त्याने," साहेब म्हणाला. "सकाळपासून एकच धोशा, माझा कार्गो, माझा कार्गो. तुम्ही फक्त हो म्हणा."

तिने खलाशाला विचारलं. तो घडाघडा बोलत सुटला, मग हात जोडून रडायलाच लागला.

"हा खोक्यांबद्दल बोलतच नाहीये. जहाजावरचा म्हातारा आचारी तापाने फणफणलाय. तो याच्या 'कार्गो'त आहे, म्हणजे याच्या जबाबदारीवर. डॉक्टर बोलवा म्हणतोय."

"कार्गो म्हणजे माल. शेंबडं पोरही सांगेल."

"इंग्रजीत. तिथे तो स्पॅनिशमधूनच गेला. मुळात गाडीवर लादायचं ते ओझं. त्यावरून खांद्यावरची जबाबदारी, मग हुद्दा, मग आरोपसुद्धा. मालाला हे लोक 'कार्गा' म्हणतात."

"शिकवण्या घरी घ्या."

"मागच्या महिन्यात तुम्ही इथला पदभार घेतलात, तेव्हा काय डोक्यावर गोणी घेतली होती?"

एका शिपायाला फिसकन हसू आलं आणि तिथेच बिनसलं. साहेब ताडकन उठला. "संसाराचा भार झेपला नाही, ती मला शिकवते! दादाच्या तोंडाला काळं फासून गेलीस तू!"

"तुझ्या दादाचं नंतर बघू. तिकडे माणूस मरतोय."

तिने फोन काढला, तो त्याने हिसकावून घेतला. ती तशीच तरातरा बाहेर पडली, रस्ता ओलांडून बंदराच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना जेवणावरून उठवून घेऊन जहाजावर चढली. आचारी खालच्या खोलीत बेशुद्ध पडला होता. श्वास चालू होता.

स्ट्रेचर कचेरीवरून गेलं, तेव्हा खलाशी आतून खिडकीवर थापा मारत म्हाताऱ्याला हाका मारत होता. साहेबाने त्याला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी खोक्यांचा मालक भलताच निघाला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. माफीचा शब्द कुणी काढला नाही. तिचा फोन शिपायाच्या हाती परत आला, आणि पुन्हा कामाला यायचं नाही असा निरोपही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "एका लेकाचं घर मोडलंस, आता दुसऱ्याच्या नोकरीवर उठलीस?"



"आचारी जगला, आई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.