हात वाळेपर्यंत

हिरवा तुकडा नखाएवढाच होता, एका कडेला सोनेरी ठिपका असलेला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याच्यावर खिडकीतलं ऊन पडलं की क्रिस्टीनाच्या टेबलावर फिकट हिरवं पाणी हलल्यासारखं व्हायचं—ती पिशवी जरा इकडे सरकवायची, जरा तिकडे, आणि पाणीही मागोमाग यायचं. बांगडीचे बाकीचे तुकडे मिळाले होते, एक मात्र सापडला नव्हता. तो तापाच्या गोळ्यांच्या पांढऱ्या भुकटीत कुठेतरी होता, आणि म्हणून नव्या कारखान्याची विक्रीची पहिलीच बॅच आता फेकून द्यायची होती.

बांगडी ज्ञानेश्वरीची. बेलापूरची नवी सून, अंगावरची हळद अजून उतरायची होती. मोकळ्या मनगटानं उंबरा ओलांडायचा नाही, हे सासूनं बजावलेलं. आणि यंत्रापाशी अंगावर काहीही नको, हा क्रिस्टीनाचा नियम. दोघींचंही मन राखावं म्हणून पोरीनं एकच बांगडी ठेवली, हातमोज्याच्या आत, बाहीच्या आत. झाकली मूठ सवा लाखाची खरी, पण ती सकाळी यंत्राच्या कडेवर आपटली, हातमोजा फाटला... आणि कुणालाही काही दिसलेलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर गोळ्या खोक्यांत भरून श्रीरामपूरच्या बाहेर गेल्याही असत्या. पण तिनं स्वतः यंत्र थांबवलं आणि बाहेर येऊन क्रिस्टीनासमोर उभी राहिली.

"म्याडम, बांगडी हुती माज्या हातात. फुटली." मग अगदी हळू—"तुमीच म्हनला हुता ना, चूक आपन हून सांगितली तर कामावरनं काढनार न्हाई?"

हो, मीच म्हणाले होते, क्रिस्टीनाच्या मनात आलं. कितीदा म्हणाले होते! माणसं गोळा करायची, त्यांची एकमेकांशी गाठ घालायची, यासाठीच तर मला इथं आणलं. मालकांनी दारातच पाटी लावली—आपण सारे एक कुटुंब. ज्या घरात सासूनं अशी पाटी लावली असेल तिथं सुनेनं जपूनच राहावं, असं मनात आलं होतं तेव्हा, पण मी हसून घेतलं आणि पाटीखाली उभी राहून सगळ्यांना शब्द दिला. लपवू नका. सांगा. सांगणाऱ्याला इथं भीती नाही.

"बॅच गेली, ती गेली," कारखान्याचे प्रमुख शामकांत देशपांडे मघाशी म्हणाले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. बोलताना चष्मा पुसत होते, म्हणजे त्यांनाही अवघड जात होतं. "पण शिस्त पहिल्याच वेळी लावायला हवी. मालकांचा तसा फोन आहे. तिला आजच मोकळं करा. तुम्हीच सांगा, मॅडम. सोनारानंच कान टोचलेले बरे."

क्रिस्टीना नाही म्हणाली नव्हती. तिनं मान हलवली होती, आणि ती मान कशासाठी हलली हे तिलाच कळलं नव्हतं. नाही म्हटलं तर उद्या आपली खुर्ची तरी राहील का... वाक्य मात्र तिनं जुळवून ठेवलं. ज्ञानेश्वरी, तू मुलगी चांगली आहेस, पण.

पिशवी खिशात टाकून ती निघाली. बोळ लांब आणि पांढरा होता, बाहेरच्या उसाचा वाससुद्धा इथं येत नसे, आणि त्या पांढरेपणातून चालताना तिला नेहमीसारखं वाटलं, की हा बोळ संपेल तिथं आपलं मिशनचं घर असेल, अंगणात घंगाळ असेल, आणि आई दवाखान्यातून येऊन कोपरापर्यंत हात धूत असेल. आई नर्स होती. धुतलेले हात ती पुसत नसे, वर धरून उभी राहायची—पाणी कोपरावरून ठिबकायचं, आणि ते मोकळे हात उन्हात इतके लांब दिसायचे, की शेजारच्या बायका हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन दारापर्यंत यायच्या आणि मनगटांकडे बघून घुटमळायच्या. "तुला वाईट नाही वाटत?" लहानग्या क्रिस्टीनानं विचारलं होतं. "वाटतं की," आई म्हणाली होती. "हात वाळेपर्यंत." आणि हसली होती.

कपडे बदलायच्या खोलीत जेवण करून आलेली मंडळी दुपारच्या कामाला निघाली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, डोळे तेवढे उघडे. मधल्या बाकावर ज्ञानेश्वरी एकटी रंगीत साडीत बसली होती, कारण आत जा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं मनगट मोकळं होतं. क्रिस्टीनाला बघून ती उठली. वाक्य तोंडात तयार होतं.

तेवढ्यात बिभीषण पुढे आला. यंत्रावरचा सगळ्यांत वडीलधारा माणूस, आधी साखर कारखान्यात होता. त्यानं मुठीतला काळा दोरा बाकावरच्या ताटलीत ठेवला.

"म्याडम, ह्यो बी हुता. मढीच्या कानिफनाथाचा. दंडात बांधल्याला, कोनाला दिसत नव्हता. आज हिनं सांगितलं... मंग म्या बी काढला."

त्याच्यामागून कुणी ताईत ठेवला, कुणी जोडवी. मागून एका बाईचा आवाज आला, "आता काय आमाला समद्यांनाच काढत्यात का काय!" आणि सगळे खळाळून हसले—कारण तसं होणार नाही, याची त्यांना खात्री होती. ज्ञानेश्वरीही हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

क्रिस्टीनाला रडू आलं. जी गोष्ट इतके दिवस बोलून बोलून घडली नव्हती ती समोर घडत होती, आणि ती मोडायला आपणच आलो आहोत.

रांगेनं सगळ्यांनी जंतू मारायचा औषधी द्रव हातावर घेतला आणि हात वाळवायला वर धरले. खोलीभर मोकळे हात, हवेत, कुणाचे कुठले ते कळत नव्हतं. काही न सुचून क्रिस्टीनानंही तळवे नळीखाली धरले आणि उचलले. गार वाटलं. खिशात फोन वाजू लागला; शामकांतच असणार. हात ओले होते.

मग ते वाळले. वाईट मात्र तेवढंच वाटत होतं, जराही कमी झालं नव्हतं. आई खोटं बोलली होती तर... तिला ते जन्मभर वाटत राहिलं असणार, आणि तरी ती रोज अंगणात तशीच उभी राहायची.

फोन पुन्हा वाजला. ज्ञानेश्वरी तिच्याकडे बघत होती. फोन घ्यायला क्रिस्टीनानं हात खाली घेतले नाहीत.