जनुकगुरूचं पिवळं पाणी

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या म्हणून लोक जिन्यात उभे. स्टेजवर पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ, पुढ्यात निळ्या पाण्याचे पेले आणि काचेच्या नळ्या. लोक त्याला जनुकगुरू म्हणत. तो शाळेत कितवीपर्यंत गेला होता कोण जाणे, पण माणसाच्या सात पिढ्या त्याला एका फुंकरीत दिसायच्या!

"वेड रक्तातून श्वासात उतरतं," तो डोळे मिटून म्हणाला. "नळीतून फुंका. बीज असेल तर पाणी पिवळं होईल. पाणी खोटं बोलत नाही."

पाणी कशाला बोलेल? खोटं बोलायला हा होताच की.

माझी भाची त्याच्यासमोर उभी होती. तिच्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया. गोळ्या नियमित चालू होत्या, तो छापखान्यात बाइंडिंगचं काम करायचा, घरी आला की बहिणीच्या खोड्या काढायचा. पण तिचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या सासूबाईंनी अट घातली, आधी फुंकून दाखवा.

भाचीने फुंकलं.

"अजून... अजून... थांबू नका!"

पाणी हिरवट झालं, मग पिवळंधमक. हॉलभर "अरे देवा!" झालं. "लग्न मोडलं," म्हणत सासूबाई पर्स उचलून उठल्या. गुरूने माझ्या मेहुण्यांना, म्हणजे भाचीच्या वडिलांना, फर्मावलं, "मुलाच्या गोळ्या बंद करा. त्या बीजाला खतपाणी घालतात. मी शुद्धी करतो."

"डॉक्टरांना तरी विचारा!" मी म्हणालो.

"डोळ्यांनी पाहिलंत ना?" मेहुणे माझ्यावरच खेकसले. चांगला शिकलेला माणूस, पण अक्कल जिन्याखाली चपलांजवळ ठेवून आलेला.

गोळ्या थांबल्या. काही आठवड्यांतच भाचा खिडक्या लावून बसू लागला. भिंतीतून कुणीतरी शिव्या देतंय, म्हणायचा. आईने वाढलेल्या ताटात विष आहे म्हणून जेवेना. त्याची आई, माझी ताई, दाराबाहेर बसून रडायची.

शेवटी भाची भावाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आधी गोळ्या पुन्हा सुरू करायला लावल्या, मग सगळं ऐकून एकच विचारलं, "सगळ्यांना सारखाच वेळ फुंकायला लावतो का?"

भाची चमकली. "नाही. काहींना लगेच 'पुरे' म्हणतो."

पुढच्या सभेला बाई आमच्याबरोबर आल्या. सासूबाईही होत्या, धाकट्या मुलासाठी पाहिलेल्या मुलीला फुंकायला घेऊन. बाई सरळ स्टेजवर चढल्या. "गुरुजी, आता तुम्ही फुंका. मी पुरे म्हणेपर्यंत."

"माझं बीज शुद्ध आहे!"

"मग घाबरता कशाला?"

लोक हसले. गुरू घामाघूम झाला, पण नळीला तोंड लावेना. तेव्हा बाईंनी सासूबाईंनाच बोलावलं. त्यांनी तोऱ्यात फुंकलं. बाई म्हणत राहिल्या, "अजून... अजून..." पाणी पिवळंधमक! सासूबाईंचा चेहरा त्याहून पिवळा.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळला की पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यात मिसळलेला हा खास निळा रंग आम्लात पिवळा पडतो. थोडं फुंकलं तर निळा राहतो. कुणाला वेडं ठरवायचं, ते हा 'अजून' आणि 'पुरे' म्हणून ठरवतो."

"पण आजार रक्तात असतोच ना?" मेहुण्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण एकच एक बीज नसतं. शेकडो जनुकं, प्रत्येकाचा परिणाम बारीकसा, शिवाय परिस्थितीचा भाग वेगळा. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी दहातल्या साधारण नऊ जणांना हा आजार होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्या भावांतही एकाला होतो, दुसऱ्याला कितीदा तरी होत नाही. जोखीम म्हणजे शाप नव्हे."

या गडबडीत गुरू मागच्या दाराने पसार झाला. पेले तसेच टाकून.

भाचा सावरला, पण सावकाश. छापखान्यात परतायला त्याला बरेच महिने लागले, आणि ते महिने कुठल्याही शुद्धीने परत मिळणार नाहीत. मेहुणे आता स्वतः त्याला दवाखान्यात नेतात.

सासूबाईंनी निरोप पाठवला, "आता आमची काही हरकत नाही."

"माझी आहे," भाची म्हणाली.

घरात आजार असेल तर डॉक्टर गाठा, विचारा, पुन्हा विचारा. आणि कुणी तुमचं रक्त पेल्यात वाचू लागला, तर आधी त्यालाच फुंकायला लावा.