निकलची अधेली

बडनेऱ्याच्या तिकीटखिडकीत बसून जैनुद्दीनमियाँनी पस्तीस वर्षं नाणी वाजवली. खिडकीच्या आत काळ्या दगडाची एक लादी होती. प्रवाशानं नाणं सरकवलं की ते लादीवर टाकायचं, कान द्यायचा आणि मगच तिकिटावर तारीख मारायची. बनावट नाणं चुकून घेतलं गेलं, तर त्याची भरपाई पगारातून व्हायची. तेव्हा मियाँचे कान असे तयार झाले, की चहाच्या दुकानात कुणी गल्ल्यात नाणं टाकलं तरी ते मान वळवून बघायचे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, सत्तावन्न साली, नवे पैसे आले. जुनी नाणी हळूहळू सरकारजमा होणार हे कळताच अकोल्यात हौशी मंडळींनी नाणेसंग्राहक मंडळ काढलं. अध्यक्ष बापूसाहेब वकील. मियाँ पॅसेंजरनं अकोल्याला जायचे आणि बैठकीत मागच्या खुर्चीवर गप्प बसायचे.

जूनच्या बैठकीत बापूसाहेबांनी पैज मांडली. प्रत्येकानं एकच किंमत निवडायची, रुपया म्हणा, चवली म्हणा, आणि त्या किमतीचं असं नाणं शोधून आणायचं जे मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडेही नाही. संक्रांतीनंतर प्रदर्शन भरेल तेव्हा निकाल.

"मी रुपया घेतो," बापूसाहेब म्हणाले. त्यांच्याकडे चांदीच्या रुपयांची अख्खी पेटी होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या हरिहर सरांनी तांब्याचा पैसा घेतला. "ढिगानं सापडतो, ढिगात काहीतरी निघेलच." भगवंत शेटजींनी पावली घेतली. मियाँची पाळी आली.

ते मनात म्हणत होते, चांदीचं नाणं सराफाच्या मुशीत जातं नाहीतर तिजोरीत. तिजोरी उघडायला पैसा लागतो, तो आपल्याकडे नाही. तांब्याचे ढीग उपसायला उमर लागते, तीही सरली. ज्या नाण्याला कुणी वितळवलं नाही आणि कुणी जपलंही नाही, असं कोणतं? आणि त्यांना नोकरीची पहिली वर्षं आठवली. एकोणीस-वीस साली सरकारनं आठ आण्यांची, म्हणजे अधेलीची, निकल धातूची नाणी काढली होती. तशी बनावट नाणी इतकी सुटली, की लोक खरीसुद्धा घेईनात. चार-पाच वर्षांत सरकारनं ती परत घेतली. ज्यांनी परत केली नाहीत, त्यांनी खोटी समजून कुठंतरी टाकून दिली असणार.

"मले अधेली द्या जी," मियाँ म्हणाले. "निकलची."

"निकलची?" बापूसाहेब हसले. "अहो मियाँ, त्यात शंभरातली नव्वद खोटी!"

"म्हनून तं मांगून राहिलो."

सगळे हसले. मियाँही हसले.

मग त्यांनी शोध घेतला तो खऱ्या नाण्यांचा नाही, खोट्या नाण्यांचा. अमरावतीच्या कापडबाजारात दुकानदुकान फिरले. "तुमच्याकडे न चालनारी नानी हायेत का?" असं विचारलं की लोक चक्रावून बघायचे, मग गल्ल्याच्या तळातून काळी पडलेली चकती काढून द्यायचे. एका पुजाऱ्यानं दानपेटीत आलेली खोटी नाणी डब्यात साठवून ठेवली होती. त्यानं डबाच पुढे केला. मियाँ उंबऱ्यावर बसून एकेक नाणं दगडावर टाकायचे. शिसं. शिसं. जस्त. पुन्हा शिसं. पाच महिन्यांत त्यांच्याकडे सत्तर अधेल्या जमल्या आणि सत्तरच्या सत्तर बनावट.

"लोक घरात दौलत आनतात, तुमी कचरा आनून राहिले," त्यांची बायको परवीन म्हणाली. पण डबे तिनंच ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकावर गावाचं नाव लिहिलेला कागद चिकटवला होता.

डिसेंबरात ते बाळापूरला गेले. किल्ल्याच्या वाटेवर नत्थुजींचं धान्याचं दुकान होतं. नत्थुजींनी खोटं नाणं नाही म्हणून सांगितलं, आणि मियाँ निघणार तेवढ्यात त्यांची नजर तराजूवर गेली. एका पारड्याखाली मळकट कापडाची पुरचुंडी बांधलेली होती.

"हे काय हाय, नत्थुजी?"

"पासंग हाय. हे पारडं हलकं पडते, म्हनून माह्या बापानं बांधलं. आत काय हाय, मले मालूम नाई."

"सोडून पाहू का?"

"काहून? माहं तागडं झुकंल ना बापा!"

मियाँनी अर्धा तास मनधरणी केली. शेवटी ठरलं, की पुरचुंडीच्या भारोभार खिळे बांधून द्यायचे. मियाँनी समोरच्या लोहाराकडून खिळे आणले, एकेक टाकून काटा मध्यावर आणला आणि नत्थुजींनी मान डोलावल्यावरच गाठ सोडली. आत एकोणीस अधेल्या होत्या. दुकानाच्या दगडी पायरीवर बसून त्यांनी त्या टाकायला सुरुवात केली. पहिली बद्द. दुसरी बद्द. अकरावी पडली आणि स्वच्छ, लांब आवाज निघाला.

त्यांनी ती पुन्हा टाकली. पुन्हा तोच आवाज. रुमालानं पुसली तर साल दिसलं, एकोणीसशे एकोणीस.

"काय झालं मियाँ? डोये काहून पुसता?" नत्थुजींनी विचारलं.

"काई नाई. पाहुनी सापडली, तीस वर्सांनी."

प्रदर्शनाला हॉल भरला होता. भगवंत शेटजींची पावली सुंदर होती, पण तशीच हरिहर सरांकडे निघाली. बापूसाहेबांच्या रुपयाभोवती गर्दी होती. मियाँच्या टेबलावर एकच नाणं आणि एकोणीस अधेल्यांच्या पासंगातून ते निघाल्याची चिठ्ठी. बापूसाहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली.

"मियाँ, रागावू नका. पासंगाच्या पुरचुंडीतलं नाणं! बाकीची अठरा खोटी, आणि ही एकटी खरी कशी?"

मियाँ उठले आणि त्यांनी पिशवीतून नऊ खोट्या अधेल्या काढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते एवढ्या लोकांसमोर मोठ्यानं बोलले. "बापूसाहेब, ही अधेली आनि ह्या नऊ खोट्या तुमी घ्या. मी पाठ करून बसतो. तुमी फरशीवर एकेक टाका. खरी कोन्ती ते मी सांगतो. चुकलो, तं मंडळ सोडून देतो."

मियाँ भिंतीकडे तोंड करून बसले. बापूसाहेबांनी नाणी टाकायला सुरुवात केली.

"खोटी," मियाँ म्हणाले. "खोटी. हीपन खोटी."

नऊ नाणी पडली, नऊ वेळा तेच उत्तर. मागं कुजबुज झाली. बापूसाहेबांनी दहावं नाणं टाकलं.

"हे तं तुमी पयलंच पुन्हा टाकलं," मियाँ न वळता म्हणाले. "खरी अजून तुमच्या मुठीत हाय, साहेब."

हॉलमध्ये जो हशा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, तो थांबता थांबेना. बापूसाहेबांनी मूठ उघडली. अधेली तिथंच होती. त्यांनी ती फरशीवर टाकली आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग त्यांनी चाकूच्या टोकानं आधी खोट्या नाण्याच्या कडेला ओरखडा काढून पाहिला, तो खोल गेला. मियाँच्या नाण्याच्या कडेवरून चाकू घसरला.

वकील माणूस, पण हार मोकळेपणानं मानणारा. त्यांनी स्वतःच्या टेबलावरची पहिल्या क्रमांकाची पाटी उचलली, जी कार्यकर्त्यांनी घाईनं आधीच ठेवून दिली होती, आणि मियाँच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"मी तुम्हाला आठ महिने हसलो," ते म्हणाले. "मला माफ करा."

"हसले म्हनून तं कोनी दुसरा शोधाले नाई गेला," मियाँ म्हणाले. "तुमचे उपकारच हायेत."

त्या दिवशी मियाँ पुढच्या खुर्चीवर बसले. लोक रांग लावून अधेली बघत होते, कुणी ती टाकून ऐकवा म्हणत होतं, आणि ते दर वेळी न कंटाळता टाकून ऐकवत होते. दुपारी परवीन बडनेऱ्याहून आली. तिनं गर्दी पाहिली, पाटी वाचली, आणि शेजारच्या बाईला अभिमानानं सांगितलं, "ते माहे मालक हायेत."